दंडावरची फीत आणि दाखल्यावरची जन्मतारीख

पुण्यातल्या कॉलेजांत प्रवेशाची गडबड ओसरली की एनसीसीची भरती सुरू होते. मैदानाला फेऱ्या, उंचीची मोजणी, थोडं लेखी आणि शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स. त्याच सुमारास जुन्या कॅडेट्समध्ये वेगळीच कुजबुज चाललेली असते: यंदा सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेट्समधला सर्वांत वरचा, कोण? 'तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे' हे वाक्य त्यात हमखास येतं. त्याला उत्तरही ठरलेलं असतं, 'नुसतं वय झालं म्हणून फीत द्यायची का?' फीत म्हणजे रँकची खूण. घरात वयाने मोठा तो मोठा. परेडवरही तेच चालावं का, हा वाद आजचा नाही. त्याचा माग काढत गेलं तर असं दिसतं, की कॅडेटच्या जगात वयाचा नियम भरतीसाठी आला. बढतीत तो मागल्या दाराने शिरला.

पुण्यात कोवळ्या वयातल्या अधिकाराचा विषय निघाला की गाडी शनिवारवाड्यासमोरच्या पुतळ्यापाशी थांबतेच. १७२० च्या एप्रिलमध्ये शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली, तेव्हा त्याला विसावंही पुरं झालं नव्हतं आणि दरबारातल्या जुन्या मंडळींना ते रुचलं नव्हतं. मला मात्र विश्वासरावाचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. पानिपतच्या मोहिमेचा नावाचा सेनापती तो, वय अठराच्या आसपास. लगाम सदाशिवरावभाऊंच्या हातात. मान एकाला आणि हुकूम दुसऱ्याचा, ही सोय आपल्याकडे अशी जुनी आहे. अर्थात ती घराण्याची गोष्ट झाली. फीत कमवावी लागते तिथला इतिहास वेगळा आहे.

तो सुरू होतो दक्षिण आफ्रिकेत. १८९९ च्या ऑक्टोबरपासून २१७ दिवस बोअरांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मॅफेकिंग गावाला वेढा घातला होता. माणसं कमी पडत होती, म्हणून गावातल्या पोरांची एक तुकडी उभी केली. निरोप पोचवणं, टेहळणी, अशी कामं. नऊ वर्षांपासूनची पोरं त्यात होती आणि त्यांचा सार्जंट मेजर वॉर्नर गुडइयर हा जेमतेम तेरा वर्षांचा. निरोप न्यायला आधी गाढवं होती. वेढा लांबला तशी ती लोकांच्या पोटात गेली आणि पोरं सायकलींवर आली. (सायकलींच्या एकेकाळच्या शहरात हे सांगायलाच हवं.) गावाचा बचाव करणारे बेडन-पॉवेल यांनी पुढे स्काउट चळवळ उभी केली, तिच्यात सहा-आठ मुलांच्या गटाचा नायक त्या मुलांमधलाच असतो. मुलांवर मुलाची हुकमत चालते, ही खात्री तिथून आली.

आपल्या एनसीसीचा सांगाडा मात्र स्काउटमधून आलेला नाही. तो आला ब्रिटनच्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमधून. १९०८ साली युद्धमंत्री हाल्डेन यांच्या लष्करी सुधारणांत ही कोअर स्थापन झाली आणि तिचे दोन विभाग केले: शाळांसाठी ज्युनियर डिव्हिजन, विद्यापीठांसाठी सीनियर डिव्हिजन. परीक्षा होत्या 'ए' आणि 'बी' प्रमाणपत्रांच्या. ही नावं आजच्या कोणत्याही कॅडेटला ओळखीची वाटतील. या रचनेत वयाचं काम एवढंच, की मुलगा कोणत्या विभागात बसतो ते ठरवायचं. आत गेल्यावर परीक्षा.

भारतात १९१७ मध्ये युनिव्हर्सिटी कोअर सुरू झाली, १९२० च्या कायद्यानंतर तिची युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाली. पुण्यातली कॉलेजं तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, पुणे विद्यापीठ १९४९ चं. दुसऱ्या महायुद्धात या कोअरकडून अधिकारी मिळतील ही अपेक्षा फारशी फळली नाही. १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली, ते स्वतः स्काउट चळवळीतले. समितीच्या शिफारशींवरून १९४८ चा नॅशनल कॅडेट कोअर कायदा झाला आणि त्या वर्षी १५ जुलैला एनसीसी उभी राहिली. पुढच्या वर्षी मुलींची डिव्हिजन आली.

नियम नीट पाहिले की गंमत कळते. ज्युनियर डिव्हिजनमध्ये साडेअठरापर्यंत, सीनियरमध्ये सव्वीसपर्यंत राहता येतं. म्हणजे वय उंबऱ्यावर विचारलं जातं आणि बाहेर पडताना. लान्स कॉर्पोरलपासून सार्जंट, कंपनी सार्जंट मेजर, अंडर ऑफिसर अशी चढण मात्र हजेरी, कॅम्प, प्रमाणपत्र, ड्रिल, एएनओंचं (तुकडी सांभाळणाऱ्या शिक्षक-अधिकाऱ्याचं) मत आणि बटालियनची मंजुरी यांवर चालते. तरीही कॉलेजात वरची रँक बहुधा तिसऱ्या वर्षाच्या मुलालाच मिळते. कारण साधं आहे. सीनियरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, 'बी' दुसऱ्या वर्षी, 'सी' तिसऱ्या वर्षी, आणि जागा रिकामी होते ती वरचे निघून गेल्यावर. वय असं वर्षाच्या वेषात आत येतं. पदव्युत्तर वर्गात येऊन एनसीसी धरलेला तेवीस वर्षांचा गडी नवखाच ठरतो आणि वीस वर्षांच्या पोरीला 'जय हिंद, मॅम' म्हणतो. त्यात काही बिघडतं असं मला वाटत नाही.

या फितीला भाव आला तो साठच्या दशकानंतर. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. सक्तीच्या काळात हजेरी टाळण्याच्या युक्त्यांना जास्त किंमत होती, असं त्या पिढीतले आजोबा सांगतात. ऐच्छिक झाल्यावर येणारे आवडीने येऊ लागले, आणि जागा थोड्या झाल्यावर चुरस आली. 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या (लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) मुलाखतीला जाण्याची वाट आहे. तिथे वयाची अट १९ ते २५. इथेही वय दारावरच उभं.

वय हा निकष करायचाच म्हटलं तर एक अस्सल मराठी अडचण आहे: १ जून. एका आख्ख्या पिढीची जन्मतारीख हेडमास्तरांनी शाळा उघडण्याच्या बेताने लिहून टाकली. पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण! अशा दाखल्यावर कोण मोठा नि कोण धाकटा हे ठरवणं म्हणजे पंचांगाशी कुस्ती. आणि हा घोळ खेड्यातल्या शाळेपुरता राहत नाही. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्म पुण्याच्या लष्करी रुग्णालयातला. एनडीएसाठी (खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीसाठी) शाळकरी वयात भरलेल्या अर्जात जन्मसाल १९५० लागलं, मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० हेच साल धरून ते त्या वर्षीच्या मे अखेरीस निवृत्त झाले. त्या एका आकड्यामुळे लष्करप्रमुखपदाचे दहा महिने कमी झाले आणि पुढचा प्रमुख कोण, याचं गणितही त्यालाच बांधलेलं होतं.

खडकवासल्याला हा प्रश्न टर्मने सोडवलाय. एनडीएत प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि सहा टर्म म्हणजे तीन वर्षं. साडेसोळाला आलेला मुलगा सहाव्या टर्मला एकोणीसचा असतो. त्याच वेळी पहिल्या टर्ममध्ये साडेएकोणीसचा नवखा असू शकतो. कोण कोणाला सर म्हणतं हे तिथे कोणी विचारत नाही. स्क्वॉड्रन कॅडेट कॅप्टन, अकॅडमी कॅडेट कॅप्टन अशा नेमणुका शेवटी कामगिरीवर होतात.

दुसरं टोक अमेरिकेत. तिथल्या हवाई दलाच्या सहायक संघटनेत, सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये, बारा वर्षांचं पोर दाखल होऊ शकतं, एकविसाव्या वर्षापर्यंत कॅडेट राहता येतं, आणि दोन बढत्यांमध्ये किमान आठ आठवडे गेले, परीक्षा, व्यायाम, वर्तन सगळं पार पडलं की पुढची पायरी. वयाचा अडसर नाही. मग पंधरा-सोळा वर्षांचा कॅडेट अधिकारी अठरा-एकोणीसच्यांना हुकूम देतो आणि 'वयाची किमान अट ठेवा' अशी मागणी पुन्हा पुन्हा निघते.

ती मागणी मी अगदी धुडकावणार नाही, निदान शाळेच्या बाबतीत. आठवी-नववीत एक वर्षाचा फरक फार मोठा असतो. 'सावधान' म्हणताना आवाज फुटला तर अख्खी प्लॅटून हसते, आणि त्या पोराचं वर्ष वाया जातं. मुली त्या वयात आधी वाढतात, त्यामुळे मिश्र तुकडीत एकाच इयत्तेतली दोघं वेगळ्या वयाची दिसतात. पण दाखल्यावरची तारीख आवाज फुटायचा थांबवत नाही. नजरेने जोखणारा एएनओ किंवा कॅम्पमधला जुना पीआय (कवायत शिकवणारा) हवालदार ते जास्त नेमकं ओळखतो. वशिल्याचा संशय येतो तोही तिथेच, म्हणून मुलांना आकडा बरा वाटतो. आकड्याशी भांडता येत नाही.

परेड ग्राउंडला जन्मतारीख ठाऊक नसते. तुकडी लावताना हुकूम येतो तो 'लंबा दाहिने, छोटा बाएँ', आणि सगळे कदवार उभे राहतात.

आता पदवीच चार वर्षांची होऊ लागली आहे, एनसीसीचा सीनियर अभ्यासक्रम मात्र तीन वर्षांचा. म्हणजे जुना सीनियर अंडर ऑफिसर चौथ्या वर्षाला त्याच कॅम्पसमध्ये साध्या कपड्यांत फिरणार, आणि परेडनंतरच्या सामोशाच्या रांगेत त्याच्या मागे त्याचाच धाकटा वारस उभा असणार, खांद्यावर नवी रँक लावून.