घराची किंमत: कोण विचारतंय आणि कशासाठी

एकाच घराचे तीन कागद काढले तर तीन आकडे सापडतात. मालमत्ता कराच्या नोंदीत एक, कर्ज देणाऱ्या बँकेच्या अहवालात दुसरा आणि खरेदीखतावर तिसरा. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण किंमत काढायची प्रत्येक रीत वेगळ्या गरजेतून जन्मली आहे.

पहिली रीत बांधणाऱ्याची. इ.स.पू. अठराव्या शतकातल्या बॅबिलोनच्या राजा हम्मुराबीच्या कायद्यात घर बांधणाऱ्याला दर ‘सर’ क्षेत्रामागे, म्हणजे सुमारे ३६ चौरस मीटरमागे, २ शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदी द्यावी असं कलम आहे. क्षेत्रफळाला दराने गुणायचं, हा खर्चाधारित पद्धतीचा गाभा आजही तोच आहे. तेच घर आज बांधायला काय लागेल ते काढायचं, त्यातून घसारा, म्हणजे इमारतीच्या मूल्यात झालेली घट, वजा करायचा आणि जमिनीची किंमत मिळवायची. इमारतीचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि १५ सरली असतील, तर सरळ हिशेबाने घसारा २५ टक्के. हा घसारा फक्त बांधकामावर लागतो. जमिनीसकट एकूण रकमेतून तो कापला की आकडा कोसळतो, आणि ही चूक नेहमी होते. शिवाय वय हा घसाऱ्याचा एकच भाग. एका खोलीतून दुसरीत जावं लागणारी मांडणी किंवा खिडकीसमोर आलेला महामार्ग यांची घट वेगळी धरावी लागते. विम्यासाठी ही पद्धत उत्तम, कारण आगीत इमारत जाते, जमीन राहते.

दुसरी रीत कर गोळा करणाऱ्याची. इटलीतल्या फ्लॉरेन्सने १४२७ साली ‘कतास्तो’ ही करनोंद सुरू केली. प्रत्येक कुटुंबाने आपली मालमत्ता आणि तिचं उत्पन्न स्वतः लिहून द्यायचं. त्या उत्पन्नाचं ७ टक्क्यांनी भांडवलीकरण होई, म्हणजे वर्षाला ७ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) देणारी मालमत्ता १०० फ्लोरिनची. राहतं घर मात्र करातून वगळलेलं होतं.

इंग्लंडने राहत्या घरालाही हीच मोजपट्टी लावली. १८३६च्या कायद्याने करासाठी घराचं मूल्य ठरवलं ते काल्पनिक भाड्यावर: हे घर वर्षाच्या कराराने दिलं तर रास्तपणे किती भाडं येईल, त्यातून दुरुस्ती, विमा वगैरे सरासरी खर्च वजा. बहुतेक लोक भाड्याने राहत होते तोवर हे चाललं. विसाव्या शतकात मालकीची घरं वाढली, भाडेनियंत्रण आलं आणि तुलनेला खुली भाडीच उरेनात. घरांचं शेवटचं फेरमूल्यांकन १९७३मध्ये झालं. १९९३पासून कर विक्रीमूल्याच्या आठ टप्प्यांवर गेला, १ एप्रिल १९९१ या तारखेच्या मूल्याप्रमाणे. इंग्लंडमध्ये आज बांधलेल्या घरालाही ‘१९९१मध्ये याचे किती आले असते’ हाच प्रश्न विचारला जातो. मूल्यांकनाचा आकडा वाचण्याआधी त्याची तारीख का पाहावी, याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

उत्पन्नाच्या पद्धतीत खरा धोका भांडवलीकरणाच्या दरात असतो. निव्वळ वार्षिक उत्पन्न १,००,००० असेल तर ५ टक्क्यांनी मूल्य २०,००,००० येतं, ४ टक्क्यांनी २५,००,०००. दरात एका टक्क्याचा फरक, मूल्यात पाच लाखांचा. निव्वळ उत्पन्न काढताना रिकामे महिने, देखभाल आणि कर वजा करायचे. कर्जाचा हप्ता वजा करायचा नाही, कारण तो मालकाचा भार आहे, घराचा गुण नव्हे.

तिसरी रीत शेजारच्या विक्रीवरून अंदाज घेण्याची. ती अर्थात पुरातन आहे, पण तिला शिस्त लागली ती मुख्यतः कर्जामुळे. महामंदीत अमेरिकेत घरं मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्यावर १९३४मध्ये संघीय गृहनिर्माण प्रशासन स्थापन झालं आणि कर्जाच्या विम्यासाठी ठरावीक नमुन्याचं मूल्यांकन सक्तीचं झालं. त्याच प्रशासनाच्या नियमावलीने वस्तीतल्या लोकांचा वंश हाही मूल्य घटवणारा निकष मानला. वंशावरून असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९६८मध्ये. तोवर कित्येक वस्त्यांना कर्जच मिळालं नव्हतं आणि कर्जाअभावी तिथल्या किमती खरोखर पडल्या होत्या. मूल्यांकनाच्या इतिहासातला हा एक मोठा अन्याय आहे.

तुलनेत दुरुस्त्या नेहमी विकलेल्या घराच्या किमतीत करायच्या. त्याला पार्किंग आहे आणि आपल्याला नाही, तर पार्किंगची किंमत त्याच्या आकड्यातून वजा. नवखे लोक इथे चिन्ह उलटं करतात. क्षेत्रफळही एकाच मापाचं हवं. एकाचं चटई क्षेत्र आणि दुसऱ्याचं भिंती-जिन्यांसकट धरलेलं क्षेत्र घेतलं तर दराला अर्थ राहत नाही. मागितलेली किंमत तर पुरावाच नव्हे.

घरामागे घर जुळवण्याऐवजी हजारो व्यवहारांतून एकेका गुणाची किंमत काढता येते, याची सैद्धांतिक मांडणी अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझन यांनी १९७४मध्ये केली. खोल्या, क्षेत्र, अंतर, वय असे घटक गणितात घालायचे. संगणकी मूल्यांकन याच वाटेने आलं. झिलो या अमेरिकी कंपनीने २००६मध्ये असे अंदाज सर्वांसाठी खुले केले, पुढे स्वतः घरं विकत घेऊ लागली आणि किमतींचा अंदाज बांधणं अवघड ठरल्याचं सांगून २०२१मध्ये ती खरेदी थांबवली. गणिताला भिंतीतली ओल दिसत नाही, आणि त्याच्या हाती असलेले व्यवहार नोंद होईपर्यंत काही आठवडे ते महिने जुने झालेले असतात.