मध्यस्थीची प्रार्थना आणि समर्पण: एकाच्या जागी दुसरं का चालत नाही

खानदेशातल्या कुठल्याही मंडळीत जा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातलं जुनं चर्च असो, नाहीतर नवापूर-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर पत्र्याच्या शेडखाली भरणारी उपासना असो, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "आमच्या अमक्यासाठी प्रार्थना करा." दुसरं, "स्वतःला पूर्णपणे प्रभूच्या हाती सोपवा." पहिलं मागणं मध्यस्थीच्या प्रार्थनेचं, दुसरं समर्पणाचं. दोन्ही एकाच सभेत, बहुतेकदा एकाच पाळकाच्या तोंडून, एकामागून एक येतात, आणि हळूहळू ती एकच गोष्ट असल्यासारखी मनात बसतात. आपल्या मंडळ्यांमधली बरीच निराशा, बरीच दुखावलेली मनं या सरमिसळीतून आलेली आहेत असं मला ठामपणे वाटतं.

मध्यस्थी म्हणजे दुसऱ्याचं दुःख, दुसऱ्याची गरज घेऊन देवापुढे उभं राहणं. समर्पण म्हणजे स्वतःला, आपल्या इच्छेसकट, देवाच्या ताब्यात देणं. एवढं सांगून फरक कळतो, पण उमजत नाही. तो उमजण्यासाठी अब्राहामाकडे जावं, कारण या एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी अगदी वेगवेगळ्या दिसतात.

उत्पत्तीच्या 18व्या अध्यायात सदोमावर नाश येणार हे कळल्यावर अब्राहाम देवाच्या वाटेत उभा राहतो. त्या शहरात 50 नीतिमान असले तर? 45 असले तर? मग 40, 30, 20, आणि शेवटी 10. कापूस घेऊन गेलेला शेतकरी व्यापाऱ्यापुढे भावासाठी अडून बसावा तसा तो अडून बसतो. एकदा "मी तर धूळ व राख" म्हणत, पुढे "प्रभूला राग न येवो" म्हणत नम्र होतो, आणि तरीही पुढचा आकडा टाकतोच. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांतले बहुतेक त्याचे कोणीही नाहीत. त्याचा पुतण्या लोट तिथे राहतो खरा, पण अब्राहाम त्याचं नावही घेत नाही. तो अख्ख्या गावासाठी मागतो.

आता चार अध्याय पुढे या. 22व्या अध्यायात देव त्याच्याकडे त्याच्या मुलाला, इसहाकाला, बळी म्हणून मागतो. परक्या गावासाठी सहा वेळा तोंड उघडणारा हा माणूस पोटच्या पोरासाठी एक शब्द बोलत नाही. पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो आणि निघतो. मध्यस्थीत अब्राहाम बोलत राहतो, समर्पणात तो चालू लागतो. दोन्ही ठिकाणी त्याचा देवावर तेवढाच भरवसा आहे, पण त्या भरवशाची रीत वेगळी आहे.

मध्यस्थीला हट्ट शोभतो, हे इथून घ्यायचं. दुसऱ्यासाठी मागताना आपण कमी मागतो, लवकर थांबतो. "सर्व आजाऱ्यांसाठी, सर्व गरजवंतांसाठी, आमेन" असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. धुळ्याकडच्या एका भगिनी मंडळातल्या मावशींची वही मी पाहिली आहे. साधी शंभर पानी, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीने लिहिलेली. कोणी ऊसतोडीला बारडोलीकडे गेलंय, घरी म्हातारी एकटी आहे. कोणाच्या मुलीला सिकलसेल, परत दुखणं उठलंय. कोणाचा पोरगा पोलीस भरतीत धावण्यात मागे पडतोय. प्रत्येक नावापुढे तारीख, आणि काही नावांपुढे पुन्हा पुन्हा तारखा. कोणी येऊन "मना आंडोरसाठे (माझ्या मुलासाठी) प्रार्थना करा" म्हटलं की त्या आधी विचारतात, नाव काय, काय झालंय, दवाखान्यात नेलं का? हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्या भागात, नवापूर तालुक्यातच, चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय कित्येक वर्षांपासून आहे. प्रार्थना आणि औषध यांत वैर असतं तर प्रभूच्या नावाने दवाखाने उभेच राहिले नसते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं जण उचलून आणतात, आणि गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उकलतात. मध्यस्थीला खांदाही लागतो.

पण एवढी वही भरणारा माणूस आपोआप समर्पित ठरतो का? नाही. इतरांसाठी तासन्‌तास प्रार्थना करून स्वतःच्या घरातली एक बाब, भावाशी चाललेला बांधाचा वाद म्हणा, देवाला हात लावू न देणं सहज शक्य आहे. दुसऱ्याचं नाव घेत राहिलं की आपल्याकडे वळून पाहावं लागत नाही.

याच्या उलट गोंधळ जास्त धोक्याचा आहे, आणि त्याबद्दल मला थोडं लांबवून बोलायचं आहे. मूल आजारी पडतं, बापाचा जीव खालीवर होतो आणि तो म्हणतो, "देवा, याला वाचव, मी माझं आयुष्य तुला वाहतो." आपल्या आजूबाजूला, नात्यागोत्यातही, नवस बोलायची रीत आहे, त्यामुळे हे बोलणं तोंडात सहज येतं. त्या बापाच्या कळवळ्याला मी दोष देणार नाही. पण इथे समर्पण हे मध्यस्थीची किंमत झालं. मूल बरं झालं तर किंमत चुकवायची, नाही झालं तर व्यवहार मोडला. आणि नाही झालं की मग मंडळीतलंच कोणीतरी त्या बापाला म्हणतं, "तुमचं समर्पण कमी पडलं असेल." याहून क्रूर वाक्य मंडळीत बोललं जाऊ नये. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि लगेच "माझी इच्छा नको, तुझी होवो" असंही म्हटलं. प्याला टळला नाही. त्याच्या समर्पणात काही उणीव होती असं कोण म्हणेल? दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातले तिघं तरुण राजाला सांगतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने न सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या "तरी"मध्ये खरं समर्पण आहे, कारण त्यात काही अट नाही.

कोणी विचारेल, मग मूल नसलेल्या हन्नेचं काय? तिने तर मुलगा दिलास तर तो तुलाच देईन असं म्हटलं होतं. प्रश्न रास्त आहे. 1 शमुवेल 1 नीट वाचलं तर दिसतं की हन्ना मंदिरातून परतते तेव्हा अजून काहीच झालेलं नसतं, तरी तिचा चेहरा उदास राहत नाही, ती जेवते. मूल येण्याआधीच तिने ओझं खाली ठेवलं होतं. आणि बाळाचं दूध तुटल्यावर ती खरोखर त्याला घेऊन शिलोला जाते. तोच मुलगा, शमुवेल, म्हातारपणी इस्राएलाला म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर ते परमेश्वराविरुद्ध पाप होईल. आईने ज्याला अर्पण केलं तो अख्ख्या राष्ट्राचा मध्यस्थ झाला. नवसाच्या हिशोबात हे बसत नाही.

तिसरा गोंधळ आयांचा, आणि हा मी फार जवळून पाहते. मुलगा दारूत बुडालाय, किंवा देवाचं नाव काढलं की उठून जातो. आई वर्षानुवर्षं प्रार्थना करते, आणि मग तिला वाटू लागतं की मुलाच्या वतीने निर्णयही आपणच देवापुढे नोंदवला आहे. बायानो, मध्यस्थी दुसऱ्यासाठी करता येते, समर्पण दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण यात आईची सुटकाही आहे. मुलाने वळावं हे मागणं तिचं काम. वळणं तिचं काम नाही, त्याचा हिशोब तिच्याकडून मागितला जाणार नाही.

पाळकाबाबतही हेच. "पास्टर, तुम्ही करा, तुमचं देव ऐकतो," असं म्हणून आपण आपली भक्ती त्यांच्या खांद्यावर टाकतो. पहिल्या तीमथ्यात एकाच अध्यायात दोन्ही गोष्टी आहेत: सर्व माणसांसाठी प्रार्थना करा, आणि देव व माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. आपली मध्यस्थी त्याच्या मध्यस्थीच्या आधाराने उभी असते. कॅथलिक बांधव संतांनाही आपल्यासाठी प्रार्थना करायला विनवतात, प्रोटेस्टंट तसं करत नाहीत; पण स्वतःचं समर्पण दुसऱ्या कोणाकडून होत नाही, याबाबत दोघांचं दुमत नाही.

समर्पण एका क्षणात उरकत नाही हेही लक्षात घ्यायला हवं. कन्व्हेन्शनच्या, म्हणजे काही दिवस चालणाऱ्या मोठ्या सभेच्या, शेवटच्या रात्री गाणं चालू असताना हात वर करणारी आपली तरुण मुलं खोटी नसतात. पण रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल ज्या यज्ञाबद्दल बोलतो तो जिवंत यज्ञ आहे, सोमवारी सकाळी कामावर जाणारा. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त स्वतः भेटला तो त्यानंतर काही वर्षांनी, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांच्यासारख्या बाईला वेळ लागला तर आपल्या पोरांनाही लागेल. पुढे 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना रोज एकत्र जमवून देशातल्या ख्रिस्ती लोकांच्या जागृतीसाठी प्रार्थना सुरू केली. त्यानंतर आजूबाजूच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल असंही विचारलं. आधी इतरांसाठी मागणं, मग "मी जाते" म्हणणं. दोन पावलं एकाच वाटेवरची, पण पहिलं टाकलं म्हणजे दुसरं पडलं असं त्यांनी धरलं नाही.

दोन्ही गोष्टी अगदी शेजारी शेजारी पाहायच्या असतील तर लूक 22 उघडावा. वल्हांडणाच्या रात्री येशू शिमोन पेत्राला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र लगेच म्हणतो, तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे. एका बाजूला प्रभूची मध्यस्थी, दुसऱ्या बाजूला शिष्याचं समर्पण, आणि दोन्ही एकाच ताटावर. कोंबडा आरवेपर्यंत पेत्र येशूला ओळखतच नाही म्हणतो, आणि शिष्याचं समर्पण कोसळतं. टिकते ती मध्यस्थी. पण योहान 21 मध्ये, तिबिर्याच्या किनाऱ्यावर, येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? मी तुझ्यासाठी प्रार्थना केली होती, तेवढं पुरे, असं तो म्हणत नाही. उत्तर पेत्रालाच द्यावं लागतं, आणि त्या उत्तरानंतर लगेच त्याला काम मिळतं: माझी मेंढरं पाळ. म्हणजे पुन्हा दुसऱ्यांची काळजी.

एक प्रश्न शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेनंतर बाया हळूच विचारतात: "ताई, मी अजून पूर्ण समर्पित नाही, मग माझी दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना देव ऐकेल का?" मत्तय 8 मधला रोमी शताधिपती शिष्य नव्हता, यहूदीही नव्हता. तो आपल्या चाकरासाठी आला होता, आणि चाकर त्याच घटकेला बरा झाला. मत्तय 15 मधली कनानी बाई मुलीसाठी ओरडत मागे लागली, शिष्यांनी तिला घालवून द्यायला सांगितलं, तरी ती हटली नाही, आणि तिचं ऐकलं गेलं. तेव्हा शेजारणीच्या मुलासाठी आजच प्रार्थना करा, त्यासाठी आधी स्वतःचं सगळं जुळवून घ्यायची गरज नाही. आणि स्वतःचं काय राहिलंय ते तुम्हाला आतून माहीत असेल, तर ते एकट्याने, नाव घेऊन देवापुढे ठेवा. त्याची विनंती सभेत लिहून द्यावी लागत नाही.