मऊ पाठीच्या कासवांचे संवर्धन (पंचगंगा खोरे)

मऊ पाठीचे कासव म्हणजे कठीण खवल्यांऐवजी चिवट कातडीने पाठ झाकलेले गोड्या पाण्यातले कासव. या गटातले लीथचे कासव (निल्सोनिया लीथिआय) फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते, जगात इतरत्र नाही. पुण्याच्या नमुन्यावरून जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये त्याचे वर्णन केले. ज्या कृष्णा खोऱ्यात ते राहते, त्याच खोऱ्यातली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखी नक्षी असते, ती वाढत्या वयात पुसट होते. मांसासाठी आणि कवचाच्या कडेच्या कूर्चेसाठी शिकार होऊन तीस वर्षांत त्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. जात अतिसंकटग्रस्त ठरली असून भारताच्या प्रस्तावावरून २०२२ मध्ये पनामातील सायटीस (वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार) परिषदेत तिचा समावेश सर्वांत कडक बंधनांच्या परिशिष्ट १ मध्ये झाला. याच पाण्यात त्याहून लहान आणि जास्त दिसणारे झाकणी कासवही असते. मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या झडपा त्यांवर मिटतात.

संवर्धनाचा खरा प्रश्न नदीच्या पात्राइतकाच काठाचा आहे. झाकणी कासव काठच्या मातीत अंडी घालते आणि आतल्या गर्भाची वाढ सुरुवातीलाच थबकते. पावसाळा सरताना घातलेली अंडी पुढच्या पावसाच्या सुमारास फुटतात. म्हणजे ऊसतोडीचा आणि वीटभट्ट्यांचा सगळा हंगाम ती जमिनीतच असतात. भट्टीसाठी पोयटा खरवडला, ऊस अगदी पाण्याच्या कडेपर्यंत लावून नांगर फिरवला किंवा वाळू उपसली, की घरटे गेलेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचाही यात वाटा आहे. पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की मागचे पाणी चढते आणि सखल काठावरची अंडी बुडून गुदमरतात. त्यामुळे बरगे घालण्याआधी, पाणी जिथवर चढते त्या रेषेखालचा काठ पाहून घेणे हे सर्वांत फायद्याचे काम.

अंडी हलवणे हा शेवटचा उपाय. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे शिकारीतच मोडते, म्हणून वन विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. परवानगी मिळाल्यावर प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी आणि ती बाजू अखेरपर्यंत वरच ठेवावी. गर्भ एकदा कवचाच्या आतल्या बाजूला चिकटला की अंडे उलटल्यास तो मरतो. टोपलीत त्याच घरट्याची ओलसर माती घालून, हिसका न देता अंडी न्यावीत आणि पुराच्या रेषेच्या वरच्या बाजूला, मूळ खोलीइतक्याच खड्ड्यात पुरावीत. कुत्री, मुंगूस, घोरपड यांच्यासाठी वर जाळी लावतात. पिले बाहेर पडण्याच्या दिवसांत ती काढली नाही तर तीच सापळा ठरते. समुद्री कासवांत घरट्याच्या तापमानावरून नर-मादी ठरते. मऊ पाठीच्या कासवांत हे गुणसूत्रांवर ठरते. त्यामुळे समुद्री कासवांच्या घरट्यांवर किती सावली करायची याचे हिशेब इथे जसेच्या तसे लावू नयेत.

पिले पोटावरचा बलक पूर्ण शोषला गेल्यावरच, संध्याकाळी, त्याच पट्ट्यातल्या उथळ व मऊ तळाच्या संथ पाण्यात सोडावीत. घरात ‘मोठी करून सोडू’ हा मोह टाळावा. ही कासवे वाळूत पुरून राहणारी असतात. सिमेंटच्या हौदात पोटाची कातडी खरवडते आणि जखमेत जंतू शिरतात.

मोठ्या कासवांना जाळ्याचा आणि मळीमिश्रित सांडपाण्याचा धोका सारखाच. पाण्यातला काही प्राणवायू ती कातडीतून आणि घशातून घेतात. तरी हवेसाठी वर यावेच लागते, आणि जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर बुडून मरतात. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटून मासे तडफडू लागतात, तेव्हा कासवांनाही वारंवार वर यावे लागते आणि ती सहज दिसतात, पकडली जातात. गळ गिळलेले कासव सापडल्यास दोरा ओढू नये, तो कापून थोडा लांब ठेवावा. उचलताना पाठीची मागची कड धरावी, कारण मान लांब असते आणि चावा जबर. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे, पाणी पाजू नये आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे.

पुण्य म्हणून कासव आणून पाण्यात सोडण्याची रीतही थांबायला हवी. चांदणी कासव जमिनीवरचे आहे, नदीत ते बुडते. दुकानात मिळणारे लाल कानाचे कासव अमेरिकेतले आहे. रंकाळ्यासारख्या तलावात सोडल्यास ते तग धरते आणि स्थानिक कासवांच्या अन्नात व ऊन खाण्याच्या जागांत वाटेकरी होते. ते पाळणे जमत नसेल तर पाण्यात न सोडता वन विभागालाच विचारावे.