रेकॉर्ड केलेलं लेक्चर आणि डिजिटल गोष्ट: दोन्ही व्हिडिओच, पण...

ऑनलाइन अभ्यासक्रम घेणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हल्ली ‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ येतंच. प्रशिक्षण संपतं आणि पुढच्या आठवड्यात तेच लेक्चर, तीच पीपीटी पुन्हा अपलोड होते. फक्त आता मागे बासरी वाजते, कोपऱ्यात एक कार्टून बाई हात हलवते आणि पहिल्या स्लाइडवर ‘चला, एक गोष्ट ऐकू या’ असं लिहिलेलं असतं. गोष्ट काही येत नाही. हिशेबशास्त्रातल्या घसारा काढायच्या पद्धती येतात.

शिक्षकांना फार दोष देता येत नाही. दोन्ही प्रकार एकाच मोबाइलवर, एकाच ॲपमध्ये तयार होतात आणि यूट्यूबवर एकाच रांगेत बसतात. मात्र त्यांची कामं निराळी आहेत. लेक्चर विषय समजावून देतं. डिजिटल गोष्ट सांगणाऱ्या माणसाची ओळख करून देते. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की विषयही नीट कळत नाही आणि माणूसही भेटत नाही.

‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हे नाव आज कशालाही चिकटवलं जातं, पण त्यामागे एक नेमकी परंपरा आहे. डेना ॲचली हा अमेरिकी कलावंत घरचे जुने फोटो आणि फिल्म पडद्यावर दाखवत स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगायचा. मंचावर शेकोटी असायची, तीही पडद्यावरची. जो लॅम्बर्ट आणि नीना मुलन यांच्यासोबत त्याने १९९४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एक केंद्र उभं केलं. पुढे ते बर्कलीला गेलं. आज ते ‘स्टोरीसेंटर’ म्हणून ओळखलं जातं. तिथल्या कार्यशाळांना येणारी बहुतेक माणसं लेखकही नसतात आणि सिनेमावालीही. प्रत्येकाने दोन-चार मिनिटांची एक फिल्म करायची. शब्द स्वतःचे, आवाज स्वतःचा, फोटो बहुतेक घरच्या अल्बममधले. संगणकाला हात लावण्याआधी सगळे गोलात बसून आपापली गोष्ट तोंडी सांगतात, बाकीचे ऐकतात आणि प्रश्न विचारतात. बीबीसीच्या वेल्स विभागाने २००१ पासून याच धर्तीवर सामान्य लोकांकडून अशा फिल्म करून घेतल्या.

शिक्षणक्षेत्रात हा प्रकार पसरवण्यात ह्यूस्टन विद्यापीठातल्या बर्नार्ड रॉबिन यांचा वाटा मोठा. त्यांनी डिजिटल गोष्टींचे तीन प्रकार मानले: स्वतःच्या आयुष्यातल्या, इतिहासातल्या घटनांच्या, आणि माहिती देणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या. माझ्या मते गोंधळाचं मूळ या तिसऱ्या प्रकारात आहे. ‘शिकवणारी गोष्ट’ म्हटलं की लेक्चरला आत शिरायला दारच मिळतं.

फरक उदाहरणाने पाहू. हिशेबशास्त्रात ‘बुडीत कर्ज’ येतं. त्याचं लेक्चर साधारण असं जाईल: ऋणकोकडून येणं वसूल होण्याची आशा संपली की ती रक्कम तोटा धरायची. बुडीत कर्ज खातं नावे, ऋणकोचं खातं जमा. मग ती रक्कम नफा-तोटा खात्यात कशी जाते, संशयित कर्जासाठी तरतूद का करतात, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस पैसे घेऊन दारात उभा राहिला तर काय करायचं. हा क्रम विषयाने ठरवलेला आहे. उद्या दुसऱ्या कोणी शिकवलं तरी तो फारसा बदलणार नाही.

आता तेच शिकवणाऱ्या मॅडमची गोष्ट. समजा, त्यांच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही होती. एका दिवाळीत, वहीपूजनाच्या आदल्या रात्री, वडील जुनी येणी नव्या वहीत उतरवत होते. एका नावापाशी त्यांचा हात थांबला आणि ते नाव त्यांनी पुढे घेतलंच नाही. शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, ‘बाबा, हे राहिलं ना?’ ते म्हणाले, ‘राहिलं नाही. त्यांच्याकडे आता मागायचं नाही.’ का, ते सांगितलं नाही. पुढे कॉलेजात बुडीत कर्जाची नोंद पहिल्यांदा लिहिताना तिला ती रात्र आठवली. वडील आता नाहीत, दुकानही नाही. ते पैसे बुडाले होते की बाबांनी सोडून दिले होते? वहीत तर दोन्ही सारखंच दिसतं.

एवढीच गोष्ट. तीनशेच्या आत शब्द, जेमतेम अडीच मिनिटं. ती ऐकून कोणाला नोंद करता येणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण ऐकणाऱ्याला आता माहीत आहे की स्क्रीनवरच्या या बाई कधीतरी दुकानात वडिलांशेजारी बसून न कळलेलं काहीतरी बघत होत्या. विषय न कळणं त्यांच्याही वाट्याला आलेलं आहे.

इथे आणखी एक गल्लत होते. ‘रामरावांनी शामरावांना ५,००० रुपयांचा माल उधारीवर विकला’ यात दोन माणसं आहेत, व्यवहार आहे, म्हणून ती गोष्ट झाली असं काहींना वाटतं. ते उदाहरण आहे. रामरावांच्या जागी गणपतरावांना बसवलं तरी काही बिघडत नाही. वहीच्या गोष्टीत मात्र त्या मुलीच्या जागी दुसरं कोणी बसवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ मध्ये विचार करण्याच्या दोन रीती मांडल्या: एक तर्काची, जी सर्वत्र लागू पडणारं सत्य शोधते, दुसरी कथनाची, जिला विशिष्ट माणूस, विशिष्ट वेळ आणि त्याच्या मनात काय चाललं होतं हे हवं असतं. एक रीत दुसरीत विरघळवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लेक्चर आणि गोष्ट यांच्यातली रेघ मला तिथेच दिसते.

लेक्चर चांगलं कसं करावं यावर बराच अभ्यास झालेला आहे. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचं विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं जास्त टिकून पाहतात, आणि महागड्या स्टुडिओपेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोललेलं चालून जातं, असं त्यात दिसलं. म्हणजे लेक्चरला आपलेपणा यायला गोष्टच हवी असं नाही. कॅमेऱ्याकडे बघून ‘तुम्ही’ म्हणत बोललं तरी बरंच काम होतं.

लेक्चरमध्ये गोष्ट कोंबली तर काय होतं, यावरही प्रयोग आहेत. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर यांनी १९९८ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आकाशातली वीज कशी तयार होते याचा मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात वीज पडून माणसांचं काय होतं, विमानाचं काय होतं असे चटकदार तपशील पेरलेले होते. ते वाचणाऱ्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले आणि नव्या प्रश्नांची उत्तरंही कमी सुचली. त्यातही हे तपशील सुरुवातीला आले तेव्हा नुकसान जास्त, शेवटी आले तेव्हा कमी. कारण सुरुवातीलाच डोक्यात ‘वीज म्हणजे अपघात’ हा साचा बसला की पुढचं सगळं त्यातच भरलं जातं.

आपले शिक्षक नेमकं उलट करतात. ‘आधी एक किस्सा सांगतो, मग विषयाकडे वळू.’ नारदीय कीर्तनात मात्र पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि आख्यान येतं उत्तररंगात. श्रोता कशाच्या नावाने ही कथा ऐकतोय हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि बुवा शेवटी मूळ अभंगावर परत येतात. मेयरांच्या प्रयोगाशी कीर्तनकारांचा काही संबंध नाही, पण ऑनलाइन शिकवणाऱ्याने हा क्रम उचलायला हरकत नाही. बुडीत कर्जाची नोंद आधी, वहीची गोष्ट नंतर, आणि तीही वेगळ्या फायलीत. एका व्हिडिओत दोन्ही आले की परीक्षेआधी उजळणी करणारी मुलगी वैतागते. तिला फक्त नोंद हवी असते आणि दर वेळी बाबांच्या दुकानातून जावं लागतं.

मग गोष्ट हवीच कशाला? दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर यांचं म्हणणं होतं की यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आहे आणि अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे यावर ते ठरतं. रेकॉर्ड केलेलं लेक्चर कितीही उत्तम असलं तरी ते बांधलेलंच असतं. मधे हात वर करता येत नाही. गोष्टीने हे अंतर आपोआप कमी होतं असं मात्र समजू नये. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिलं होतं: पडद्यावरच्या माणसाशी आपली जवळीक आहे असं प्रेक्षकाला वाटतं, त्या माणसाला मात्र प्रेक्षक माहीतही नसतो. मॅडमनी गोष्ट सांगितली आणि तिथेच थांबल्या तर हेच होतं. चारशे मुलांना मॅडम ओळखीच्या वाटतात. मॅडमसाठी ती चारशे लॉगिन असतात.

म्हणून डिजिटल गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे विद्यार्थ्यांनी सांगणं, हा मला मुख्य भाग वाटतो. मूळ कार्यशाळांतही सांगणारे सहभागीच होते. कार्यशाळा घेणारे बहुतेक वेळ ऐकायचे.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात १९८९ पासून नोकरी करणारी, संसार सांभाळणारी, मधेच शिक्षण सुटलेली माणसं शिकत आली आहेत. अशा विद्यार्थ्याकडे विषयाला भिडणारा अनुभव पुष्कळदा शिक्षकापेक्षा जास्त असतो. बचत गटाचे हिशेब ठेवणारी बाई बुडीत कर्जाबद्दल जे सांगेल ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांची रचना चार भागांची असते: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. गोष्ट पहिल्या भागात टाकायचा मोह होतो. तिची जागा चौथ्या भागात आहे, कारण तिथे उलट बोलता येतं.

विद्यार्थ्यांना काम देताना ‘गोष्ट सांगा’ एवढंच म्हटलं तर निबंध येतात. ‘पैसे येणार नाहीत हे तुम्हाला कधी कळलं, तो दिवस सांगा’ असं विचारलं तर गोष्टी येतात. व्हिडिओचा आग्रह धरू नये. दोन-तीन फोटो आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज पुरतो. डेटा कमी असेल तर नुसता आवाजही चालतो. घरात आवाज घुमत असेल तर कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड करून बोलायचं, फरक लगेच ऐकू येतो. सिनेमाचं गाणं मागे लावू नये: हक्कांची कटकट असतेच, शिवाय भाव गाण्याचा येतो, सांगणाऱ्याचा नाही. कॉम्प्युटरने बनवलेला आवाज लेक्चरला एखाद्या वेळी चालवून घेता येईल. गोष्टीत तो घेतला तर मग उरलं काय?

गुण द्यायचे की नाही, हा अवघड भाग आहे. लेक्चरवरची चाचणी तपासणं सोपं असतं. गोष्टीला गुण दिले की मुलं दुःखाची स्पर्धा लावतात: ज्याची परिस्थिती जास्त हलाखीची त्याला दहापैकी नऊ. त्यापेक्षा गोष्ट सांगितली याचे ठरावीक गुण द्यावेत, आणि ‘या प्रसंगाची नोंद तुम्ही कशी कराल?’ हा प्रश्न वेगळा विचारून तो तपासावा. ज्यांना सांगायचं नाही त्यांना दुसरा पर्याय हवा, आणि तो का निवडला हे विचारू नये. बाकीच्यांना सूचना एकच: गावातल्या कर्जदाराचं खरं नाव घ्यायचं नाही, त्याचा फोटो तर नाहीच.

आणखी एक फरक वर्ष संपल्यावर कळतो. लेक्चर पुढच्या तुकडीला तसंच वापरता येतं. नियम बदलला तर एखादा भाग पुन्हा रेकॉर्ड केला की झालं. बचत गटातल्या बाईंची गोष्ट मात्र तशी पुढे सरकवता येत नाही. ती त्यांनी या तुकडीतल्या माणसांना सांगितलेली असते. पुढच्या वर्षी दाखवायची असेल तर त्यांना फोन करून पुन्हा विचारावं लागतं. त्या ‘नको’ म्हणाल्या तर फाइल काढून टाकायची.