जळके ऑइल आणि गाडीचा गंज

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या विदर्भातल्या खेड्यांत मोटारसायकलच्या चेसिसला, रिमला आणि सायलेन्सरला इंजिनातून काढलेले जळके ऑइल फासले की हिवाळाभर गंज धरत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. ऑइलचा थर पाणी काही काळ अडवतो, एवढेच त्यात खरे. परंतु जळक्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले, काजळी आणि ओलावा मिसळलेला असतो, आणि त्याच्या चिकटपणावर गाडरस्त्याची धूळ बसून जो काळा लगदा होतो तो पहाटेचे दव धरून ठेवतो. शिवाय ते ब्रेकच्या लायनरपर्यंत ओघळले तर गाडी थांबणार नाही, हा धोका गंजाहून मोठा आहे.

सायलेन्सर तर बहुधा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळाले की अंदाजे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते; घर ते वावर एवढ्याच फेरीत नळी पुरेशी तापत नाही आणि ते पाणी आतच साचते. बाहेरून काहीही फासले तरी तिथे पोहोचत नाही.

थंड देशांत रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाड्या गंजतात. आपल्याकडे हे गंजवण्याचे काम कॅरिअरवरची खताची फाटकी बॅग करते, कारण म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊबंद. खत वाहिले त्याच दिवशी गाडी साध्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी, खरचटलेल्या जागी रंग लावावा आणि चेनला नवे ऑइल द्यावे.