वाजपेयींनी इंदिराजींना ‘दुर्गा’ म्हटलं नव्हतं

विजय दिवस जवळ आला की हमखास फिरणारी गोष्ट: १९७१च्या युद्धानंतर अटलबिहारी वाजपेयींनी संसदेत इंदिरा गांधींना ‘दुर्गा’ म्हटलं. खुद्द वाजपेयींनीच टीव्हीवरच्या मुलाखतीत हे साफ नाकारलं होतं. इंदिराजींच्या चरित्रकार पुपुल जयकर यांनी शोध घेतला, त्यांनाही तो शब्द कुठे सापडला नाही, असंही ते म्हणाले. युद्धकाळात विरोधी बाकावरून त्यांनी सरकारला साथ दिली, हे मात्र शंभर टक्के खरं, आणि मला तेच मोठं वाटतं. १९५७मध्ये बलरामपूरहून लोकसभेत आलेला, दहा वेळा तिथे आणि दोनदा राज्यसभेत निवडून गेलेला, १९६२ आणि १९८४चे पराभव पचवलेला हा नेता. त्यांच्या तोंडी न बोललेले शब्द कशाला घालायचे?