खालच्या पापणीची उरलेली त्वचा आणखी कापणे हा सरसकट उपाय नव्हे

डोळ्यांखालचा फुगवटा काढण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर खालच्या पापणीवर सैल त्वचा दिसली, तर सर्जनने ती कापायची राहिली आणि आता आणखी कापली की काम झाले, हा समज फार जुना आहे. तो चुकीचा आहे आणि डोळ्याला धोक्याचाही.

पापणीच्या आतून छेद घेऊन चरबी काढतात, तेव्हा त्वचेला हात लावलेलाच नसतो. आतला फुगवटा गेल्यावर तीच त्वचा सैल दिसू लागते. सूज पूर्ण उतरायलाही वेळ लागतो, म्हणून पुढचा निर्णय काही महिने थांबूनच घ्यावा. खालच्या पापणीवर त्वचा कमी पडली, तर पापणी खाली ओढली जाते, बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडतो, कधी पापणीची कड बाहेर वळते आणि डोळा कोरडा पडणे, चुरचुरणे, सतत पाणी येणे असे त्रास मागे लागतात. हे दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असते. म्हणूनच जाणते सर्जन रुग्णाला वर पाहून तोंड उघडायला सांगतात, कारण त्या स्थितीत ही त्वचा पुरती ताणली जाते, आणि तरीही जी चिमटीत येईल तेवढीच पापणीच्या केसांलगत काढतात; पापणी मुळात ढिली असेल, तर बाहेरच्या कोपऱ्याला टाक्याने आधारही देतात.

बारीक सुरकुत्यांसाठी लेझर किंवा केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर सोलून काढणे) अधिक योग्य, मात्र आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर त्याने काळे डाग पडू शकतात, हे आधीच विचारून घ्यावे. हसतानाच उमटणाऱ्या सुरकुत्या स्नायूमुळे पडतात. त्या त्वचा कापून जात नाहीत.